‘स्वस्त व्हिस्कीत केमिकल असतं का?’ : डिस्टिलरीतल्या केमिस्टचं उत्तर

प्रश्न असा आहे: “आम्ही मित्र शनिवारी बसतो. दोन-सव्वादोनशेची क्वार्टर घेतली की रविवारी डोकं जड, मळमळ, दिवसभर अंगात त्राण नाही. कधी महागातली घेतली तर तसं होत नाही. स्वस्त मालात कंपन्या केमिकल टाकतात का? त्यापेक्षा देशी बरी का? गावाकडे मामा रोज सकाळी उतारा म्हणून पुन्हा थोडी घेतात आणि म्हणतात, तुमच्या बाटलीपेक्षा आमची गावठी शुद्ध.”

मी रसायनशास्त्राचा माणूस. आधी मळीच्या डिस्टिलरीत, मग बॉटलिंग प्लांटच्या लॅबमध्ये आणि ब्लेंडिंगला नोकरी झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराचं जिथे येईल तिथे शेवटचा शब्द डॉक्टरांचा धरा.

तुमच्या प्रश्नामागे एक समजूत आहे: सकाळी जास्त त्रास झाला म्हणजे माल वाईट, कमी झाला म्हणजे माल चांगला. ती मला धोक्याची वाटते म्हणून सविस्तर लिहितोय. हँगओव्हरवरून मालाची पारख होत नाही. परवान्याच्या दुकानातली स्वस्त व्हिस्की पिऊन माणूस दुसऱ्या दिवशी आडवा पडतो आणि संध्याकाळी उठून बसतो. मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत लागणारं विषारी अल्कोहोल, मिसळलेली दारू प्यायलेला माणूस मात्र रात्री नीट झोपू शकतो, सकाळी उठून कामावरही जाऊ शकतो, आणि दुपारनंतर त्याला समोरचं दिसेनासं होतं.

आधी तुमची क्वार्टर बघू. युरोपच्या कायद्यात व्हिस्की म्हणजे धान्यापासून काढलेली, लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरवलेली आणि ४० टक्क्यांपेक्षा कमी नसलेली दारू. आपल्याकडची स्वस्त व्हिस्की त्या अर्थानं व्हिस्की नाही. साखर कारखान्याची मळी पाण्यात पातळ करून त्यात यीस्ट सोडतात. दीड-दोन दिवसांत वॉश, म्हणजे आंबलेलं पाणी, तयार होतं, त्यात साधारण ८ ते १० टक्के अल्कोहोल असतं. ते कॉलममधून, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यातून, काढलं की ९५ टक्क्यांच्या आसपासचं रेक्टिफाइड स्पिरिट मिळतं. ते पुन्हा पाणी घालून पातळ करायचं आणि पुढच्या कॉलममधून काढायचं. वरून हलके घटक, म्हणजे अल्डिहाइड, एस्टर, मिथेनॉल, बाजूला निघतात आणि मधून फ्यूजल ऑइल, म्हणजे जड अल्कोहोलांचं मिश्रण, काढून घेतात. जे राहतं ते ९६ टक्क्यांचं एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, आमच्या बोलण्यात ईएनए. तांदूळ-मक्याच्या धान्यापासूनही ईएनए होतं आणि हल्ली ते बरंच वापरतात. त्यात क्षार काढलेलं पाणी, थोडं माल्ट (मोड आणलेल्या जवाचं) स्पिरिट, रंगासाठी कॅरेमल आणि चवीसाठी एसेन्स घालून ४२.८ टक्क्यांवर आणतात. हा आडनिडा आकडा इंग्रजांच्या मोजमापाचा आहे: ५७.१ टक्के म्हणजे त्यांचं ‘प्रूफ’, त्याच्या २५ टक्के खाली, म्हणून २५ यूपी, म्हणजे ‘अंडर प्रूफ’.

आता ज्याला लोक ‘केमिकल’ म्हणतात ते बघा. दारूत इथेनॉलशिवाय, म्हणजे नशा आणणाऱ्या नेहमीच्या अल्कोहोलशिवाय, जे इतर घटक असतात त्यांना कंजेनर म्हणतात: फ्यूजल अल्कोहोल, एस्टर, अल्डिहाइड, लाकडातून उतरलेले टॅनिन. हँगओव्हर वाढवण्याचा आळ यांच्यावर येतो आणि तो अगदीच खोटा नाही. पण ते जास्त कशात असतात? युरोपच्या नियमानुसार न्यूट्रल स्पिरिटमध्ये १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे फ्यूजल अल्कोहोल अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. तांब्याच्या पॉट स्टिलमधून, म्हणजे जुन्या पद्धतीच्या हंड्यातून, काढलेल्या माल्ट व्हिस्कीत तेच १०० ग्रॅमच्या पुढे असतं. म्हणजे तुमची दोनशेची क्वार्टर आणि दहा हजारांची सिंगल माल्ट शेजारी ठेवून घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर चालवली, तर जास्त शिखरं सिंगल माल्टच्या आलेखावर दिसतील. चव तिथूनच येते. स्वस्त व्हिस्की चवीला पोकळ लागते, कारण तिच्यात फार काही नाहीच. घशाला चरचरते ती कोऱ्या, न मुरलेल्या अल्कोहोलमुळे.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि व्होडका यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेल्या बर्बनमध्ये व्होडकाच्या ३७ पट कंजेनर होते. बर्बन प्यायलेल्यांना सकाळी जास्त वाईट वाटलं हे खरं. पण झोपेची नासाडी आणि दुसऱ्या दिवशीच्या कामातली ढिलाई दोन्ही गटांत सारखीच होती. झोप आणि काम बिघडवलं ते इथेनॉलनं, आणि ते दोन्ही ग्लासांत सारखं होतं.

मग महागातली घेतली की तुम्हाला त्रास का होत नाही? हिशोब मांडून बघा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांनी ७७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, वजनात सुमारे ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढतं. तीस मिलीच्या एका पेगला तासभर, किंवा त्याहून थोडा जास्त वेळ. म्हणजे पूर्ण क्वार्टर उतरायला सहा ते नऊ तास. रात्री अकराला संपवलीत तर पहाटे पाचलाही रक्तात अल्कोहोल असू शकतं आणि ते संपत येतं तेव्हा हँगओव्हर कळसाला पोचतो. स्वस्त क्वार्टर एकेकट्यानं, तासाभरात, शेंगदाण्यांवर संपते. महागडी बाटली चौघांत फिरते, सावकाश जाते, तिच्यासोबत जेवण असतं, आणि हात जरा आखडूनच ओततात. फरक पडतो तो इथेच. पुढच्या वेळी महागडीची पूर्ण क्वार्टर उपाशीपोटी तासाभरात घेतलीत तर रविवार तसाच जाईल. घेऊन बघा असं मी अर्थातच सांगत नाही.

बिअरवाल्यांसाठी हेच गणित: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल, तीस मिलीचे चार पेग. “मी फक्त बिअर घेतो” म्हणून दोन बाटल्या संपवून गाडीवर बसणारे पाहिले की जीव घाबरतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि दोन स्ट्राँग बिअरनंतर माणूस तिच्या कितीतरी पट वर असतो.

डोकं का दुखतं, हे थोडक्यात. अल्कोहोल मेंदूतल्या एका संप्रेरकाला दाबतं, त्यामुळे मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही आणि प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जातं. यकृतात इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं आणि पुढे अ‍ॅसिटेट होईपर्यंत अंगात फिरतं. जठराच्या अस्तराला सूज येते, झोप तुटक लागते. यावर पाणी, ओआरएस, साधं जेवण आणि वेळ एवढंच आहे. रात्रीच पॅरासिटॅमॉल घेऊन झोपण्याची सवय सोडा. रोज पिणाऱ्याच्या यकृताला ती गोळी जड जाते, आणि ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिननं सुजलेल्या जठरातून रक्त येऊ शकतं.

किमतीचंही एक समजून घ्या. बाटलीच्या किमतीत दारूचा वाटा लहान आणि कराचा मोठा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं (इथे बनलेली तुमची क्वार्टरही कायद्यानं यातच येते) शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. त्याच वेळी १८० मिलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, धान्यापासूनच्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला १४८ आणि विदेशी मद्याला २०५ रुपये ठरली. शुल्क उत्पादन खर्चाच्या पटीत असल्यानं कारखान्यात दहा रुपयांचा फरक असला तर दुकानात तो पन्नासच्या पुढे दिसतो. म्हणून किमतीवरून शुद्धतेचा अंदाज बांधू नका.

देशी दारूचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही. संत्रा असो की मसाला, देशी बऱ्याचदा रेक्टिफाइड स्पिरिटवर भागते, ईएनएपर्यंत जात नाही. त्यामुळे तिच्यात अल्डिहाइड आणि फ्यूजल थोडं जास्त असतं आणि संत्र्याचं एसेन्स तो वास झाकतं. तरीही ती परवान्याच्या कारखान्यात, उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली बनते, आणि सीलबंद देशीनं माणूस आंधळा होत नाही. देशीनं घरं उद्ध्वस्त होतात ती वेगळ्या कारणानं. ८० रुपयांत ६० ग्रॅम अल्कोहोल मिळतं, दुकान सकाळी लवकर उघडतं, आणि नवटाक उभ्या-उभ्या, पोटात काही नसताना, रोज जाते. जेवण सुटतं, अंगातलं ब१ जीवनसत्त्व संपतं, यकृत आधी चरबीनं भरतं आणि मग निबर होत जातं. व्हिस्कीवाल्याचंही हेच होतं, फक्त त्याला जेवण आणि डॉक्टर दोन्ही परवडत असल्यानं काही वर्षं उशिरा होतं. १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं दारू कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. त्यात देशी-विदेशी असा भेद नाही.

आता मामांची गावठी.

“गूळ आणि पाणी, त्यात काय वाईट असणार?” हे मी नोकरीभर ऐकलं. काळा गूळ, नवसागर, कधी युरिया, कधी तुरटी जमिनीत पुरलेल्या पिंपात आंबवतात आणि भंगारातल्या भांड्यातून काढतात. नवसागर आणि युरिया यीस्टचं खाद्य म्हणून टाकतात. युरिया जास्त झाला तर त्याची अल्कोहोलशी प्रक्रिया होऊन इथाइल कार्बामेट तयार होतं, आणि ते कर्करोगाच्या संशयितांत आहे. पिंपात उंदीर पडतो, पाणी नाल्याचं असतं, पहिली धार आणि शेवटची धार कोणी वेगळी करत नाही. हे सगळं घाण आहे. तरी एक गोष्ट सांगायला हवी: गुळाच्या वॉशमधून माणूस मरेल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. मिथेनॉल येतं फळांच्या सालीगरातल्या पेक्टिनपासून, आणि गुळात ते जवळपास नसतंच. फळांच्या दारूतही ते थोडंच असतं. गोव्यात काजूच्या बोंडांपासून उर्राक आणि फेणी पिढ्यान्‌पिढ्या निघते आणि तिथली माणसं त्यानं आंधळी होत नाहीत.

मग विषबाधा होते कशी? मिथेनॉल वरून मिसळल्यामुळे. रंग, थिनर, फॉर्मलिनच्या धंद्यात ते पिंपानं लागतं आणि स्वस्त मिळतं. कारखान्यातून किंवा टँकरमधून चोरलेलं मिथेनॉल स्पिरिट म्हणून गुत्त्यावर पोचतं, तिथे पाणी घालून पिशव्या भरतात. कधी गुत्तेवाल्यालाही आपण काय विकतोय ते कळत नाही. मुंबईत विक्रोळीला २००४ साली ८७ जणांचा जीव गेला. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. गुजरातेत बोटादला जुलै २०२२ मध्ये आणि तमिळनाडूत कल्लाकुरिचीला जून २०२४ मध्ये हेच झालं. मेलेले जवळजवळ सगळे मजूर, रिक्षावाले, हमाल. त्यातल्या कित्येकांनी आदल्या दिवशी त्याच गुत्त्यावर दारू घेतली असेल आणि काही झालं नसेल. मामांच्या ‘इतकी वर्षं पितोय’ याला म्हणूनच काही अर्थ नाही. गेल्या वर्षांची दारू आणि उद्याची पिशवी यांचा एकमेकींशी संबंध नसतो.

चव घेऊन किंवा वास घेऊन मिथेनॉल ओळखता येत नाही. काडी लावून निळा जाळ बघतात, पण इथेनॉलचा जाळही निळाच असतो. बाटली हलवून फेस बघतात, त्यातून फार तर तीव्रतेचा अंदाज येतो. तळहातावर चोळून तर काहीच कळत नाही. मला लॅबमध्ये यंत्र लागायचं, तुम्ही अंगणात काय ओळखणार?

हे नीट लक्षात ठेवा. मिथेनॉल स्वतः फारसं मारत नाही. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अ‍ॅसिड करतं, आणि ते अ‍ॅसिड डोळ्याची नस जाळतं. याला वेळ लागतो, बहुधा १२ ते २४ तास. सोबत चांगली दारू प्यायलेली असेल तर त्याहून जास्त, कारण यकृत आधी इथेनॉल निकाली काढतं. तेवढा वेळ माणूस ठीक दिसतो. मग पोटात कळ, उलट्या, डोकं फुटेल असं दुखणं, धुक्यातून किंवा बर्फातून बघितल्यासारखं पांढुरकं दिसणं, आणि धाप लागल्यासारखा खोल, जलद श्वास. शुद्ध मिथेनॉल ३० मिलीच्या आसपासही जीव घेऊ शकतं, आणि त्याहून बऱ्याच कमीत दृष्टी जाते. दिसण्यात काहीही फरक वाटला तर ‘चढलीय, झोपू द्या’ म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांना सरळ सांगा की गावठी प्यायलीय, कुठून आणली, कधी प्यायली. पोलिसांच्या भीतीनं लपवण्यात जे तास जातात तेच तास डोळे वाचवण्याचे असतात. त्याच गुत्त्यावरून त्या दिवशी ज्यांनी घेतली त्या सगळ्यांना, बरं वाटत असलं तरी, सोबत न्या. रुग्णालयात फोमेपिझोल नावाचं औषध देतात, किंवा मोजून इथेनॉलच देतात, म्हणजे यकृत मिथेनॉलला हात लावत नाही आणि तोवर डायलिसिसनं ते काढून घेता येतं. हे ऐकून घरी आणखी दारू पाजू नका. बेशुद्धीकडे जाणाऱ्या माणसाच्या श्वासात उलटी जाते, आणि बाटलीत पुन्हा तेच विष असू शकतं.

बाटलीबंद मालातही एक धोका आहे आणि तो स्वस्त-महाग दोन्हीकडे आहे: बनावट भरणा. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या पार्टीत जी दारू वाटली आणि माणसं दगावली, ती बनावट होती. भंगारवाल्याकडून ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या घेतात, त्यात हलका माल भरतात, बूच बसवून ढाब्यावर किंवा लग्नाच्या हॉलवर पोचवतात. गोवा बनावटीची दारू कमी करामुळे चोरून इकडे येते, ती बहुतेक वेळा मूळ कारखान्याचीच असते. पण एकदा चोरवाटेच्या साखळीत गेल्यावर वाटेत तिचं काय झालं हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून परवान्याच्या दुकानातून, बिल घेऊन घ्या. बुचाचं सील, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ हा मजकूर बघा. छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळाली तर घेऊ नका. आणि महागडी बाटली रिकामी झाली की तिचं लेबल खरवडून मगच भंगारात टाका, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

राहिला उतारा. मामा म्हणतात दारूचा त्रास दारूनंच जातो, आणि त्यांना खरंच बरं वाटत असणार. सकाळी हात थरथरतात, घाम येतो, जीव घाबरा होतो, आणि नवटाक पोटात गेली की सगळं शांत होतं. पण तो हँगओव्हर नाही. शरीर दारूला बांधलं गेलंय आणि रात्रभरात ती कमी झाली म्हणून ते तडफडतंय. तुमच्या शनिवारच्या बैठकीपेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटते. दोन गोष्टी करा. पहिली, रागाच्या भरात त्यांची दारू एका दिवसात बंद पाडू नका. इतकी सवय झालेल्या माणसाची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि ब१ ची इंजेक्शनं देऊन करायचं काम आहे. कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावायला निघालं तर ‘रोज पितात, ब१ दिलंय का?’ एवढं जरूर विचारा. दुसरी, त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात. मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा तालुक्याच्या गावांतही होतात आणि तिथे फी नसते. जाताना सकाळची वेळ धरा, मामींना सोबत घ्या, आणि पहिले काही दिवस रात्री त्यांच्याजवळ घरचं कोणी थांबेल अशी सोय आधीच लावून ठेवा.